आठव्या खांबाचा डोळा

सातवीतून शाळा सुटली आणि मी मामाच्या हाताखाली गेलो. पहिला आठवडा त्यानं मला हत्याराला हात लावू दिला नाही. अंगणात दहा-बारा ओंडके पडले होते. त्यातल्या एकेकाचं बूड कुठलं आणि शेंडा कुठला, ते ओळखायला लावलं. साल काढली की दोन्ही टोकं सारखीच दिसायची. चुकलो की टपली. "झाड जसा वाढला तसोच खांब उभो करूक होयो," मामा म्हणायचा. "उलटो लावलंस तर घर तानेला ऱ्हवता." उलट्या खांबाचं घर कायम तहानलेलं राहतं, असं आमच्याकडं मानतात. ओळख पटली की शेंड्याकडच्या टोकाला गेरूचा टिळा लावायचा. टिळा डोक्याला लावतात, पायाला कोण लावणार? आमच्या कुडाळाकडं सगळे सुतार तसंच करतात. मला वाटायचं, सगळीकडचेच करत असतील.

त्या टिळ्यानं मला यवतमाळ जिल्ह्यात कसं तोंडघशी पाडलं, ते लिहितो आहे. लिहायची मला सवय नाही. दिवसभर लाकूड तासून मनगट जड होतं आणि पेन पटाशीसारखं धरलं जातं.

इथं मला आणलं ते नागपूरच्या एका मॅडमनी. त्या घरांचे नकाशे काढतात. आमच्याकडच्या एका देवळाचं लाकडी छप्पर त्यांनी पाहिलं होतं, एकही खिळा न मारता केलेलं. ते मामानं आणि मी केलं होतं. मामा आता राहिला नाही. मॅडमनी माझा पत्ता काढला, घरी आल्या, ओसरीवर बसून पेज प्यायल्या आणि म्हणाल्या, "दादा, घाटंजीच्या पलीकडं एका कोलाम पोडावर चावडी बांधायची आहे. सगळी सागवानाची. याल?" मी म्हटलं, मॅडम, माझ्याकडं कसला कागद नाही. सातवीचाही दाखला वाळवीनं खाल्ला. त्या म्हणाल्या, "मी छप्पर पाहिलंय."

आजवर मला कुणी एवढ्या कमी शब्दांत काम दिलेलं नाही. मी आलो. पण येताना जी धाकधूक घेऊन आलो ती आजही पिशवीतच आहे. काहीतरी चुकेल, आणि मग सगळ्यांना कळेल की याला काही येत नव्हतं.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. घाटंजीच्या रस्त्यावर एसटी सोडली की तुरीच्या आणि कापसाच्या शेतांतून दोन टेकड्या ओलांडायच्या. पंचवीसएक घरं आणि मधोमध चावडीची मोकळी जागा. वस्तीचे भांडणतंटे, सोयरिकी, सगळं तिथं बसून ठरतं. जुनी चावडी वाळवीनं गेली होती. नवी कशी हवी हे ठरवायला मॅडम वर्षभर पोडावर येत होत्या आणि नाईकांच्या गोष्टी ऐकत होत्या. नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख. हा माणूस सत्तरीचा, बारीक अंगाचा, आणि त्याच्या तोंडावरून तो चेष्टा करतोय की खरं सांगतोय हे कधी कळत नाही.

त्यातली एक गोष्ट मॅडमनी धरली. ती मी नाईकांच्या तोंडून ऐकली ती अशी. आधी झाडं चालत असत. दिवसभर हिंडायची, कुठंही बसायची. एकदा माळावर माणसांची बैठक भरली होती आणि भांडण काही मिटेना. ऊन चढलं, माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली. बाजूनं आठ झाडं चालली होती, ती ऐकायला थांबली. ऐकता ऐकता त्यांचे पाय मातीत रुतले. त्यांची सावली पडली, तशी डोकी थंड झाली आणि भांडण मिटलं. तेव्हापासून झाडं उभीच आहेत आणि माणसानं खरं बोलायचं ते झाडाखाली.

म्हणून चावडीला आठ खांब. चारी बाजू उघड्या. प्रत्येक खांबाला वर फांद्यांसारखे दोन हात, ते तुळईला धरून. छप्पर मागच्या टेकडीसारखंच, एका अंगानं लांब उतरतं, दुसऱ्या अंगानं तुटक. नकाशा पाहिला तेव्हा मला भीती वाटली. नंतर वाटलं, हे मामानं पाहायला हवं होतं.

भाषेनं सुरुवातीला फार दमवलं. नाईक दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "मिस्त्री, एखादी फयी दे, बसाले." मी फावडं नेऊन दिलं. त्यांनी ते मांडीवर आडवं ठेवलं आणि तसेच बसून राहिले. संध्याकाळी सगळं पोड हसत होतं. फयी म्हणजे फळी. इथं काळा तो काया आणि केळी ती केयी. मी मनात घोकून ठेवलं. पण घोकलेलं असतं ते शांत बसलेलं असताना उपयोगी पडतं.

लाकूड घाटंजीच्या आरामशीनवर कापलं. ती चालवणारे चाचा माझ्याच वयाचे, पण सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणालो. सात खांबांचे ओंडके मी स्वतः पाहून, शेंड्याला गेरू लावून मशीनवर चढवले. आठव्या ओंडक्याला कापताना आतून चीर निघाली. चाचांनी हात झटकले. "हे सागोन गेलं. दुसरं पाहून ठेवतो, मिस्त्री. तू जाय, काम कर." आठ दिवसांनी दुसरा खांब चौरस करून ट्रॅक्टरवर आला. मी फोनवर विचारलं, "चाचा, खूण केलीत ना?"

"खून तं केली नं, भाऊ. विसरीन काय?"

एका टोकाला गेरूचा ठिपका होता. मी ते टोक वर केलं.

कापसाची वेचणी सुरू झाली होती. पोडावरची हातपाय धड असलेली सगळी माणसं शेतात. खांब उभा करायला मिळाली सहा माणसं, तीही दुपारपुरती. सात खांब उभे होते, तुळया अडल्या होत्या. पुनवेला पहिली बैठक बसवायची असं पोडानं ठरवलं होतं. मी खांबाला वरच्या टोकाला हातांसाठी खाचा घेतल्या, दोन्ही टोकांना कूस काढली, म्हणजे जोडात बसणारी जीभ, आणि दिवस मावळायच्या आत तो तळखड्याच्या दगडावर उभा केला. तुळई बसली. मेखा मारल्या. मी खाली उतरलो तेव्हा मला कशाचंही काही वाटत नव्हतं. मामा असता तर म्हणाला असता, बाकीचे सात हातानं पाहिलंस, हा का नाही पाहिलास? थकलो होतो, एवढंच.

चार-पाच दिवसांनी मी वर वासे बसवत होतो. वारा होता. नाईक खाली आले, एकेका खांबावर तळवा ठेवत फिरले आणि आठव्यापाशी थांबून ओरडले, "मिस्त्री, याचा डोया लय खाली हाय." आणि निघून गेले.

मी ऐकलं ते 'डोई लय खाली'. डोई म्हणजे डोकं.

मी वाशावर तसाच बसलो. मग उतरलो. खांबाच्या बुडाशी, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, बशीएवढी गाठ होती. फांदी जिथून फुटते तिथं लाकडात जो डोळा राहतो तो. सागाला एवढी फांदी बुडाशी कुठून येणार? फांद्या असतात वर. रेषा पाहिल्या, तर गाठीला वळसा घालून त्या जमिनीकडं निमुळत्या होत होत्या. मामाच्या अंगणातल्या ओंडक्यांत मी हे बारा वर्षांचा असताना ओळखलं होतं. खांब डोक्यावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून घाटंजीला गेलो. चाचा लाकडाच्या भुशात बसून चहा पीत होते.

"चाचा, खूण कुठल्या टोकाला केली होती?"

"बुडाले."

"बुडाला?"

"मंग? डोकश्याले कोन खून करते? भारी माल बुडाकडचा. खून तिथंच करतेत."

"आमच्याकडं शेंड्याला करतात."

"तं मंग तुमच्याकडं झाडं उलटी उगोत असन." ते हसले. मग माझं तोंड पाहून थांबले आणि कप खाली ठेवला. "उभा केला काय?"

मी मान हलवली. चाचांनी अंगावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "मजबुतीत फरक नाही पडत, मिस्त्री. कोनाले दिसतही नाही." मला ते माहीत होतं. चांगलं सागवान कुठूनही उभं करा, छप्पर पेलतं.

परतीच्या एसटीत घरून फोन आला. बायको म्हणाली, "कधी येतल्यात?" मी म्हटलं, पुनव झाली की. तिनं माझ्या आवाजावरून विचारलं, जेवलात ना? जेवलो म्हटलं. त्या दिवसांत मी भाकर मोडत होतो आणि तशीच ठेवत होतो. पोडावरची एक बाई रोज माझं जेवण आणून द्यायची, ज्वारीची भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी. ती म्हणाली, "काहून जेवून नाही राह्यले? कोकणात मासोई लागते म्हनते तुमाले." मी म्हटलं, पोट बरं नाही.

माझी अडचण अशी होती की नाईकांना कळलं आहे. बोलून गेलेत आणि आता वाट बघताहेत, मी कधी कबूल करतो त्याची. ते रोज सकाळी चावडीवरून जायचे, माझ्याकडं बघून हसायचे आणि मला त्या हसण्यात सगळं दिसायचं. मॅडमना काय सांगतील? परक्या मुलखातून माणूस आणला आणि त्यानं आमच्या गोष्टीतलं झाड डोक्यावर उभं केलं. मॅडमनी कागद न मागता मला काम दिलं होतं. आता माझ्यामुळं त्यांना पोडापुढं मान खाली घालायला लागणार होती. माझं काय, मी पिशवी भरून जाईन. पण पोडाला बसायला चावडी हवी होती आणि तिथं ते बसणार की नाही, हे त्या खांबावर होतं.

चौथ्या दिवशी गेलो. नाईक दारात बांबूच्या कामट्या तासत बसले होते, टोपलीसाठी. मी उभ्या उभ्याच बोललो.

"नाईक, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. डोकं खाली आहे त्याचं."

"कोनाचं?"

"आठव्या खांबाचं. तुम्हीच म्हणालात ना, डोई खाली आहे म्हणून. माझी चूक झाली. खूण उलटी वाचली मी."

कामटी थांबली. नाईकांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "डोया म्हनलो मी. डोया. लाकडाचा. तिथं बसनाऱ्याच्या पाठीले टोचन, म्हून म्हनलो, मिस्त्री जरासा रंधा मारन."

मी खाली बसलो. ओट्यावर बसलो की जमिनीवर, ते आठवत नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं."

"मले कसं मालूम असन बाप्पा? चौकोनी केल्यावर मले कायचं बूड अन् कायचा शेंडा." त्यांनी पुन्हा कामटी हातात घेतली आणि तासली नाही. "तू नसतं सांगतलं तं मी मरेपावतर त्याले टेकून बसलो असतो."

"मग आता?"

"आता आयकलं. आयकलेलं काढून ठेवता येते काय, मिस्त्री?" कामटी खाली ठेवून म्हणाले, "सात झाडं मानसाचं आयकून राह्यले अन् आठवं मातीले कान लावून उभं. तिथं बसून कोनाचा न्याव करू?"

ते रागानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, चपला हातात घेऊन, काळ्या मातीत रुतत. मी पिशवी भरूनच ठेवली होती. पटाश्या फडक्यात गुंडाळलेल्या. त्यांनी खांब पाहिला, गाठीवर हात फिरवला.

"दादा, छपराला काही धोका आहे?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?"

"नाही, मॅडम."

त्या चावडीच्या जोत्यावर बसल्या. मी उभाच होतो. त्यांनी माझी पिशवी पाहिली. "ही कशाला भरलीत? हत्यारं बाहेर काढा ना. फिरवायचा कसा, ते सांगा मला."

मला रडू आलं असतं, पण मी लगेच हिशेब करायला लागलो, दोन टेकू, चार टेकू, जॅक, कारण तसं केलं की रडू थांबतं. नवा खांब मागवू का, असंही मी विचारलं. त्याला नाईकच नको म्हणाले. "त्या झाडाचा काय गुन्हा? उलटं तू केलं. सुलटं बी तूच कर."

दोन दिवसांनी चाचा आले. त्यांच्या पुतण्याचं गॅरेज आहे, तिथून ट्रॅक्टरचे दोन जॅक घेऊन. मी त्यांना बोलावलं नव्हतं. जॅक खाली टाकून म्हणाले, "अर्धी चूक माही हाय. पन अर्धीच, हां." नाईक म्हणाले, "मंग अर्धंच जेवन देऊ तुले." चाचा म्हणाले, "द्या, पन भाकर पुरी द्या."

वेचणीवरून परतलेली माणसं संध्याकाळी येत होती. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या पाठी, त्यांनी पुन्हा तुळईला टेकू लावले. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. कुणी एक शब्द लावून बोललं नाही. एकानं फक्त विचारलं, "मिस्त्री, याच्यानंतर छप्पर तं नाही ना फिरवा लागत?" सगळे हसले, मीही हसलो, आणि पुन्हा टेकू धरले.

तुळई जॅकवर बोटभर उचलली, मेखा ठोकून काढल्या, खांब उतरवला. मग खरं काम. आधी वर असलेल्या खाचा आता बुडाशी येणार होत्या, त्या सागाच्याच तुकड्यांनी बुजवल्या. जुनी कूस दोन्हीकडून कापावी लागली आणि नवी काढावी लागली. वरच्या हाताची एक खाच नेमकी त्या गाठीशेजारी आली. गाठीचं लाकूड दगडासारखं. दीड दिवस एका खाचेला लागला, दोन पटाश्यांची धार गेली. कधी कधी मी हात थांबवून नुसता बसायचो. चाचा पाणी आणून द्यायचे.

शेवटी मोजलं तर खांब वीतभर आखूड झाला होता. तेवढं लाकूड कापण्यातच गेलं होतं. खाली लाकडाचं ठिगळ लावणं मला पटेना. तेव्हा नाल्यातून एक दगड आणला, काळा, गुळगुळीत. त्याला सपाट करून त्या खांबाचा तळखडा वीतभर उंच केला. त्यावर खांब उभा राहिला. बूड खाली, शेंडा वर, डोळा तुळईच्या जरासा खाली. मी तीनदा ओळंबा लावला. चाचांना लावायला सांगितला. मग पुन्हा मी लावला.

पुनव टळली. पोडानं बैठक पुढच्या पुनवेला नेली. कवेलू, म्हणजे कौलं, चढेपर्यंत मी तिथंच राहिलो, नंतर जायला मोकळा होतो, पण गेलो नाही. ते बसतात की नाही हे पाहिल्याशिवाय मला जाता येत नव्हतं. घरी फोन करून सांगितलं, अजून एक महिना. बायकोनं 'बरां' म्हटलं. तिचं 'बरां' मला चांगलं कळतं.

बैठकीच्या दिवशी मी बाहेर, निंबाखाली उभा होतो. माणसं आली, एकेक करून चावडीत चढली. पहिला जो चढला त्यानं आठव्या खांबाकडं पाहिलं, मग तळखड्याकडं पाहिलं. "नाईक, हा एकच काहून उंच दगडावर?"

मॅडम माझ्या बाजूला होत्या, त्यांनीही नाईकांकडं पाहिलं.

नाईकांनी खांबावर तळवा ठेवला. बसले आणि पाठ त्याला टेकली. मग त्यांनी ती झाडांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मला पाठ असलेली. भांडण, ऊन, थांबलेली आठ झाडं. पण शेवटी जरा वेगळी केली. सात झाडं इकडचीच होती, म्हणाले. आठवं दूरच्या मुलखातलं. त्याले आपली बोली समजे ना. काहीच्या काही आयके. म्हून ते टाचा उचलून उभं राह्यलं, नीट आयकू यावं म्हून.

चावडीत हसू फुटलं. दोघा-तिघांनी वळून निंबाकडं पाहिलं.

"मिस्त्री," नाईक आतून म्हणाले, "कायले उभा हायस तिकडं? ये, बस."

मी म्हटलं, माझं काय काम तिथं. सुतार आपल्या कामात बसत नाही, उभा राहून लांबून पाहतो, मामा तसाच करायचा. मॅडमनी मला कोपरानं ढकललं.

मी चढलो. नाईकांनी सरकून जागा केली. मी पाठ टेकली. मग हात मागं नेऊन पाठीशी लाकूड चाचपलं. गुळगुळीत होतं, काही टोचत नव्हतं. पलीकडं कुणाच्या तरी बैलानं कुणाच्या तरी तुरीत तोंड घातल्याचं भांडण सुरू झालं. अर्धं मला समजत होतं. कान देऊन ऐकायला लागलो आणि बसल्या बसल्याच डोळे मिटायला लागले.